डॅनियल फ्रीमन आणि त्यांचे कुटुंब : अमेरिकेतील पहिल्या होमस्टेडविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅनियल फ्रीमन कोण होते?

डॅनियल फ्रीमन हे एकोणिसाव्या शतकातील एक डॉक्टर, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने गेलेले सैनिक आणि पुढे आयुष्यभर नेब्रास्कात स्थिरावलेले शेतकरी होते. १८६२ साली अमेरिकेच्या संसदेने होमस्टेड कायदा, म्हणजे सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला ती जवळजवळ मोफत देणारा कायदा, संमत केला आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. त्या पहिल्याच दिवशी ब्राउनव्हिल येथील सरकारी जमीन कचेरीत जो पहिला अर्ज नोंदवला गेला तो फ्रीमन यांचा होता. त्यांच्या अर्जाचा क्रमांक १, अंतिम दाखल्याचा क्रमांक १, आणि मालकीची सनद नोंदवली गेली ती पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर. एवढ्या एका आकड्यामुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले. मात्र ही कागदपत्रे बारकाईने वाचली की त्यांतून एक घर, त्या घरातली माणसे आणि त्यांनी पाच वर्षांत केलेली मेहनत दिसू लागते. माझ्या मते त्या आकड्यापेक्षा हे अधिक मोलाचे आहे, म्हणून पुढील उत्तरांत भर त्यावरच दिला आहे.

नेब्रास्काला येण्यापूर्वी ते काय करीत होते?

त्यांचा जन्म २६ एप्रिल १८२६ रोजी ओहायो राज्यातील प्रेबल काउंटीत झाला. सिनसिनाटी येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी इलिनॉय राज्यात डॉक्टरकी केली. जमिनीसाठी अर्ज केला तेव्हा ते छत्तिशीत होते, त्यांची पहिली पत्नी वारली होती आणि पदरात मुले होती. ‘पश्चिमेकडे गेलेला तरुण’ असे जे चित्र आपल्या मनात असते त्यात ते बसत नाहीत. हातात शिक्षण आणि व्यवसाय असलेला, घर एकदा मोडलेला मध्यमवयीन माणूस पुन्हा संसार मांडण्यासाठी जमीन शोधत होता.

मध्यरात्री जमीन कचेरी उघडल्याची कथा काय आहे?

ही कथा फ्रीमन स्वतः पुढे अनेकदा सांगत असत. ते सैन्याच्या कामासाठी नेब्रास्का प्रदेशात आले होते, आपण हेरगिरीचे काम करीत होतो असेही ते सांगत, आणि नववर्षाच्या दिवशीच त्यांना सेंट लुईसकडे परत निघायचे होते. १ जानेवारीला सुट्टी असल्यामुळे कचेरी बंद राहणार होती. ब्राउनव्हिल हे मिसुरी नदीच्या काठचे गाव तेव्हा जमीन मागायला आलेल्या माणसांनी भरून गेले होते. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या मेजवानीत फ्रीमन यांनी आपली अडचण बोलून दाखवली. जमलेल्या लोकांनी त्यांना पुढे जाऊ देण्याचे कबूल केले, आणि कचेरीतील एका अधिकाऱ्याने मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांतच दार उघडून त्यांचा अर्ज नोंदवून घेतला.

कथा सांगणाऱ्याच्या तोंडून आलेली आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. कागदावर जे उरले आहे ते तारीख, क्रमांक आणि जमिनीचे वर्णन. त्या रात्रीच्या मेजवानीला कागद साक्षी नाही, तरी अर्ज क्रमांक १ ला आहे.

ते खरोखरच देशातील पहिले होमस्टेडर होते का?

पहिल्या दिवशी देशभरात मिळून ४१८ अर्ज दाखल झाले, आणि मध्यरात्रीनंतर लगेच अर्ज केल्याचा दावा डाकोटा प्रदेशातील व्हर्मिलियन येथूनही केला जातो. प्रत्येक कचेरी आपापल्या वहीत एकपासूनच क्रमांक देत असे. त्यामुळे ‘पहिला’ या शब्दावर वाद होणे साहजिक आहे. फ्रीमन यांची बाजू भक्कम ठरते ती पुढच्या टप्प्यांमुळे. अर्ज, पाच वर्षांनंतरचा दाखला आणि सनद या तिन्हींवर पहिलेपणाची मोहोर त्यांच्याच कागदांवर आहे. अमेरिकेच्या संसदेने १९३६ साली त्यांच्याच शेतावर राष्ट्रीय स्मारक उभारण्याचा कायदा केला, आणि सरकारदरबारी तरी हा प्रश्न तिथे मिटला.

होमस्टेड कायद्यात नेमके काय होते?

सरकारी जमिनीपैकी १६० एकरांपर्यंतचा तुकडा कायद्याने जवळजवळ मोफत मिळत असे. अर्जदार कुटुंबप्रमुख असावा किंवा त्याचे वय २१ पूर्ण असावे, तो नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा, आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशा अटी होत्या. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती. अर्जाच्या वेळी १२ डॉलर आणि शेवटी ६ डॉलर, असे एकूण १८ डॉलर शुल्क पडे. त्या जमिनीवर घर बांधून, जमीन कसून, पाच वर्षे तिथे राहिल्याचे सिद्ध केले की मालकी हक्काची सनद मिळे. ज्याला पाच वर्षे थांबायचे नसे तो सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेऊ शकत असे.

हा कायदा १८६२ सालीच का झाला, असेही विचारले जाते. दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांचा त्याला विरोध होता, कारण छोट्या शेतकऱ्यांनी भरलेल्या प्रदेशात गुलामगिरीला जागा उरणार नाही, ही भीती त्यांना होती. १८६० साली असाच एक कायदा संमत झाला असता राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी तो नाकारला. पुढे दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, त्यांचे प्रतिनिधी संसदेतून गेले, आणि २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी कायद्यावर सही केली. तो ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी, म्हणजे १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामाही अमलात आला. हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

फ्रीमन यांची जमीन कुठे होती आणि ती कशी मोजलेली होती?

आजच्या नेब्रास्का राज्यातील गेज काउंटीत, बिॲट्रिस या गावाच्या पश्चिमेला सुमारे चार मैलांवर, कब क्रीक नावाच्या ओढ्याकाठी ही जमीन आहे. अर्ज केला तेव्हा नेब्रास्का राज्य झालेले नव्हते, ते १ मार्च १८६७ रोजी झाले.

सरकारी मोजणीत एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनाला सेक्शन म्हणत, त्यात ६४० एकर येत, आणि त्याचा चौथा भाग म्हणजे १६० एकर. बहुतेकांनी सरळ एक चौकोनी चतुर्थांश घेतला. फ्रीमन यांनी तसे केले नाही. त्यांनी २६ क्रमांकाच्या सेक्शनमधले चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे निवडले, त्यांपैकी तीन एका ओळीत आणि चौथा मधल्या तुकड्याच्या डोक्यावर, अशा रीतीने की नकाशावर जमीन उलट्या ‘टी’ अक्षरासारखी दिसते. असा वेडावाकडा आकार का घेतला, याचे उत्तर जागेवर गेले की मिळते. कब क्रीकचे पाणी आणि काठची झाडे या तुकड्यांतून जातात. उघड्या गवताळ माळावर लाकूड दुर्मीळ होते. घराला, कुंपणाला आणि चुलीला लाकूड लागते, गुरांना पाणी लागते, हे ओळखून त्यांनी आधी ओढा पाहिला आणि मग चौकोन बसवले. आपल्याकडे विहिरीची आणि ओढ्याकाठची जमीन पाहून व्यवहार करणाऱ्या शेतकऱ्याला ही निवड समजावून सांगावी लागणार नाही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, आणि अमेरिकेतील मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची, म्हणजे बरोबर दुप्पट. एकराचे माप दोन्हीकडे इंग्रजांकडूनच आले, म्हणून नेब्रास्कातील एकर आणि साताऱ्यातील एकर एकच आहे.

ॲग्नेस फ्रीमन कोण होत्या?

ॲग्नेस सुटर या आयोवा राज्यातील ले क्लेअर या मिसिसिपीकाठच्या गावच्या. त्यांचे लग्न आधी डॅनियल यांचे भाऊ जेम्स यांच्याशी ठरले होते. जेम्स युद्धात मरण पावले. त्यानंतर डॅनियल आणि ॲग्नेस यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला, पत्रांतूनच मागणी घातली गेली, आणि ८ फेब्रुवारी १८६५ रोजी त्यांचा विवाह झाला. यादवी युद्ध अजून संपलेले नव्हते. नवरा त्यांच्याहून बराच मोठा, विधुर, मुले असलेला, आणि सासर म्हणजे मिसुरी नदीच्याही पलीकडचा ओढ्याकाठचा एक लाकडी आसरा. दिवंगत वाग्दत्त वराच्या भावाशी लग्न करून एवढ्या दूर जायला निघालेल्या त्या तरुणीच्या मनात काय असेल, याचा विचार केल्याशिवाय मला ही हकिगत पुढे वाचता येत नाही.

या दांपत्याला आठ मुले झाली. अर्जावर नाव डॅनियल यांचे, सनदेवर नाव डॅनियल यांचे, आणि ‘पहिला होमस्टेडर’ हा मानही त्यांचाच. परंतु कायद्याची मुख्य अट जमिनीवर राहण्याची होती, आणि राहणे म्हणजे रोजचा स्वयंपाक, ओढ्यावरून आणलेले पाणी, कोंबड्या-गुरे, बाळंतपणे आणि आजारपणे. त्या अटीचा मोठा भाग ॲग्नेस यांनी पूर्ण केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पतीच्या मागे त्या वीस वर्षांहून अधिक काळ जगल्या आणि १९३१ साली वारल्या.

पाच वर्षांत त्यांनी काय उभे केले?

याचे उत्तर कागदावर आहे, आणि संपूर्ण दप्तरातला हाच कागद मला सर्वांत जिवंत वाटतो. जमीन पक्की करून घेताना अर्जदाराला दोन शेजाऱ्यांची साक्ष द्यावी लागे. आपल्याकडे पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात तसाच हा प्रकार. फ्रीमन यांच्या शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितले की या जमिनीवर १४ फूट रुंद आणि २० फूट लांब असे एकमजली घर आहे. त्याचा काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांचा आहे, त्याला दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी कौलांचे छप्पर आणि फळ्यांची जमीन आहे, आणि ते राहायला सुखाचे घर आहे. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून कसले आहेत. तबेला आहे, मेंढ्यांसाठी १०० फूट लांबीची शेड आहे, मक्याची कणगी आहे, आणि सफरचंदाची ४० व पीचची सुमारे ४०० झाडे लावलेली आहेत.

हे आकडे सावकाश वाचावेत. घर २८० चौरस फुटांचे, आणि मेंढ्यांची शेड घराच्या पाचपट लांब. शेतकऱ्याने आधी कोणाची सोय पाहिली ते यावरून कळते. जमिनीच्या १६० एकरांपैकी पाच वर्षांत ३५ एकरच लागवडीखाली आले होते. त्या माळावरच्या गवताची मुळे इतकी दाट आणि खोल असत की पहिली नांगरट हे सगळ्यांत कष्टाचे काम ठरे. आणि ४०० पीचची झाडे! फळझाड लावणारा माणूस दुसऱ्याच वर्षी गाशा गुंडाळून जाण्याच्या विचारात नसतो. खिडक्या दोन आहेत हे सांगावेसे वाटणे, फळ्यांच्या जमिनीची नोंद होणे, यातूनही काळ कळतो. कित्येकांची घरे गवताच्या ढेपांची आणि मातीच्या जमिनीची होती.

२० जानेवारी १८६८ रोजी अंतिम दाखला मिळाला आणि १ सप्टेंबर १८६९ रोजी सनद झाली.

त्या आधी ही जमीन कोणाची होती?

हा प्रश्न अनेक लिखाणांत विचारलाच जात नाही, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. ‘सरकारी मोकळी जमीन’ हा कचेरीचा शब्द होता. आग्नेय नेब्रास्काचा हा भाग ओटो-मिसुरिया लोकांचा होता. ‘नेब्रास्का’ हे नावही ओटो भाषेतील ‘सपाट पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून, प्लॅट नदीच्या नावावरून आले आहे. मार्च १८५४ मधील करारान्वये त्यांनी आपला बहुतेक प्रदेश अमेरिकेच्या सरकारला सोडून दिला आणि बिग ब्लू नदीकाठी दहा मैल रुंद व पंचवीस मैल लांब असा राखीव पट्टा तेवढा त्यांच्याकडे उरला. त्याच वर्षी नेब्रास्का प्रदेश वसाहतीसाठी खुला झाला.

हा राखीव पट्टा मुख्यतः त्याच गेज काउंटीच्या दक्षिण भागात होता, म्हणजे फ्रीमन कुटुंब पीचची झाडे लावत होते तेव्हा ओटो-मिसुरिया लोक त्यांच्या परिसरातच राहत होते. त्यांच्याकडे तेव्हाही जमीन मागणारे येतच होते. पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला, आणि १८८१ साली उरलेल्या लोकांना आजच्या ओक्लाहोमात हलावे लागले. आज त्या जमातीचे मुख्य ठाणे ओक्लाहोमातील रेड रॉकजवळ आहे.

फ्रीमन यांनी ओटो लोकांची जमीन स्वतः हिसकावली असे कोणी म्हणत नाही. त्यांनी कायद्याने दिलेला अर्ज भरला. पण १८ डॉलरांत १६० एकर देणे सरकारला परवडले, कारण ती जमीन त्याआधी दुसऱ्यांकडून अत्यल्प मोबदल्यात घेतलेली होती. सनदेची पहिली ओळ त्या करारात आहे, आणि फ्रीमन यांच्याविषयी लिहिताना ती वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुढील काळात शेतीचे काय झाले?

फ्रीमन यांनी आजूबाजूची आणखी जमीन घेतली, विटांचे मोठे घर बांधले आणि डॉक्टरकीही चालू ठेवली. १८७४ साली नेब्रास्कावर मोठी टोळधाड आली आणि पुष्कळ होमस्टेडर सगळे सोडून परत गेले, पण हे कुटुंब टिकले. हद्दीवर त्यांनी ऑसेज ऑरेंज या काटेरी झाडाचे दाट कुंपण लावले. तारेचे काटेरी कुंपण स्वस्तात मिळू लागण्यापूर्वी गुरे अडवण्याचा तोच खात्रीचा उपाय होता, जसा आपल्याकडे निवडुंग किंवा घायपात. त्या जुन्या कुंपणाची झाडे आजही तिथे उभी आहेत.

शाळेतील बायबल वाचनाचा खटला काय होता?

म्हातारपणी फ्रीमन यांनी दिलेला हा लढा त्यांच्या स्वभावाचे सर्वांत चांगले दर्शन घडवतो. १८९९ च्या सुमारास त्यांच्या घराजवळच्या सरकारी शाळेत शिक्षिकेने बायबलमधील उतारे वाचणे, प्रार्थना करणे आणि भजने म्हणणे असा परिपाठ सुरू केला. त्याला शाळा समितीची परवानगी होती. सर्वांच्या करांतून चालणाऱ्या शाळेत उपासना होऊ नये, असे फ्रीमन यांचे म्हणणे होते. समितीने ऐकले नाही, जिल्हा न्यायालयातही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हा ते नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

ऑक्टोबर १९०२ मध्ये त्या न्यायालयाने फ्रीमन यांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारी शाळेतील असा परिपाठ राज्यघटनेच्या विरोधात ठरवला. पुढच्या वर्षी न्यायालयाने खुलासा केला की बायबल शाळेत आणण्यावर सरसकट बंदी नाही, पंथाचा प्रचार किंवा उपासना मात्र नको. त्या वेळी फ्रीमन ७६ वर्षांचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी या स्वरूपाचे निकाल दिले ते १९६२ आणि १९६३ साली, म्हणजे सहा दशकांनंतर. शेजारीपाजारी नाराज होतील हे ठाऊक असूनही, स्वतःच्याच गावच्या शाळेविरुद्ध त्यांनी तीन वर्षे खटला चालवला. अर्ज क्रमांक १ मिळण्यात थोडा नशिबाचा भाग होता, इथे सगळा निग्रहाचा होता.

त्यांचा मृत्यू कधी झाला आणि त्या जागी आज काय आहे?

डॅनियल फ्रीमन ३० डिसेंबर १९०८ रोजी वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना स्वतःच्याच जमिनीवरील टेकाडावर पुरण्यात आले, आणि पुढे ॲग्नेसही तिथेच त्यांच्या शेजारी विसावल्या. १९३६ साली स्मारक जाहीर झाले, आणि २०२१ पासून त्याचे नाव होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान असे आहे. १९३९ पासून तिथे सुमारे १०० एकरांवर मूळचे उंच गवत पुन्हा वाढवले गेले. जे गवत नांगरण्यात फ्रीमन कुटुंबाची उमेद खर्ची पडली तेच आज सरकार जपून ठेवत आहे. खटल्यातील ती विटांची शाळाही उद्यानाचा भाग आहे, आणि तिचे वर्ग १९६७ पर्यंत भरत होते. २००७ साली उघडलेल्या संग्रहालयाची वाहने लावण्याची जागा मुद्दाम बरोबर एक एकराची ठेवली आहे, म्हणजे गाडीतून उतरल्याबरोबर पाहुण्याला एकर केवढा ते कळावे.

हा कायदा किती काळ चालला?

बहुतेक राज्यांत तो १९७६ साली रद्द झाला, अलास्कात मात्र १९८६ पर्यंत मुभा होती. एकूण सुमारे १६ लाख लोकांना ३० राज्यांत मिळून सुमारे २७ कोटी एकर जमीन मिळाली, म्हणजे देशाच्या भूभागाच्या दहाव्या हिश्शाइतकी. नेब्रास्काची जवळपास ४५ टक्के जमीन अशाच रीतीने वाटली गेली. या कायद्याखालची शेवटची सनद अलास्कातील एका शेतकऱ्याला १९८८ साली मिळाली, आणि तेही माजी सैनिकच होते, व्हिएतनाम युद्धातून परतलेले.

अशा कुटुंबांची मूळ कागदपत्रे कुठे पाहता येतात?

ज्यांनी जमीन पक्की करून घेतली त्यांच्या सनदा अमेरिकेच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. सनदेवर मात्र फक्त नाव, तारीख आणि जमिनीचे वर्णन असते. घर, कुंपण, पीक आणि शेजाऱ्यांची साक्ष हवी असेल तर राष्ट्रीय अभिलेखागारातील त्या प्रकरणाची संपूर्ण फाइल मागवावी लागते. त्यासाठी राज्य, जमीन कचेरीचे नाव आणि अंतिम दाखल्याचा क्रमांक द्यावा लागतो, आणि हे तिन्ही सनदेवरून मिळते. वंशावळीसाठी शोध घेणाऱ्याने सनदेची प्रत मिळाली की तिथेच थांबू नये. दोन दारे, दोन खिडक्या आणि ४०० पीचची झाडे सनदेवर नव्हती, ती फाइलमध्ये होती.